कृत्रिम खटका

कृत्रिम खटका : सपाट व प्रत्यक्षात न दबणाऱ्या पृष्ठभागावर बोट टेकविले असता, बटण दाबले गेल्याची जी संवेदना यांत्रिक अथवा विद्युत् साधनांनी निर्माण करण्यात येते, तिला कृत्रिम खटका असे म्हणता येईल. मराठीत ‘खटका’ या शब्दाने दाबण्याची कळ, ती दाबताना होणारा आवाज आणि बोटाला जाणवणारा हिसका या तिन्ही गोष्टी सुचविल्या जातात. यांत्रिक बटणात या तिन्ही एकत्रच नांदत असल्याने त्यांच्यासाठी वेगळे शब्द करण्याची गरज पूर्वी भासली नाही. काचेच्या स्पर्शपडद्यावर मात्र कळ उरली, पण हिसका व आवाज नाहीसे झाले. ते पुन्हा मिळविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर सुरू आहे. महाराष्ट्रात त्याचे परिणाम सर्वांत स्पष्टपणे पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात पहावयास मिळतात. ज्या आकुर्डीत व पिंपरीत साध्या यांत्रिक कळांच्या गाड्या तयार होत असत, त्याच पट्ट्यात २०२० नंतरच्या काही वर्षांत काचेला खटका देणाऱ्या मोटारगाड्यांची जुळणी होऊ लागली.

यांत्रिक बटणाचे स्वरूप : काचेवर कशाची नक्कल करावयाची असते, हे समजण्यासाठी साध्या बटणाच्या अंतर्भागाकडे पाहणे उपयुक्त ठरते. लहान विद्युत् बटणाखाली पोलादी पत्र्याची घुमटाकार चकती असते. जत्रेत मिळणारी पत्र्याची टिकटिकी ज्या तत्त्वावर वाजते, तेच तत्त्व येथे वापरलेले असते. बोटाचा दाब वाढत जातो, तसा घुमट प्रथम विरोध करतो. एका विशिष्ट दाबाला तो एकाएकी ढासळतो, विरोध क्षणभर कमी होतो आणि लगेच चकती तळाला टेकून पुन्हा वाढतो. बोट उचलले की हाच क्रम उलट घडून चकती मूळ आकारात येते. ढासळण्यासाठी लागणारा दाब सामान्यतः १ ते ३ न्यूटन व बटणाचा प्रवास अवघा ०.२ ते ०.३ मिमी. असतो. टंकलेखन यंत्राच्या वा संगणकाच्या जुन्या कळफलकाच्या कळा कित्येक मिमी. खाली जात. म्हणजे प्रवास कमी झाला तरी चालतो, परंतु विरोध वाढणे, एकदम घटणे व पुन्हा वाढणे हा क्रम टिकला पाहिजे. ‘बटण लागले’ ही खात्री बोटाला त्या क्रमावरूनच पटते. चांगल्या मोटारगाडीचे बटण व सुमार गाडीचे बटण यांतील फरक ग्राहकाला शब्दांत सांगता येत नाही, पण बोटाला तो तत्काळ कळतो. याचे कारण या क्रमाच्या रेखीवपणात किंवा ढिलेपणात आहे.

त्वचेची संवेदनशीलता : बोटाच्या टोकाच्या त्वचेत यांत्रिक उद्दीपन ओळखणारी तंत्रिकांची टोके मुख्यतः चार प्रकारची असतात. त्यांपैकी काही स्थिर दाब व कडा ओळखतात, काही त्वचेचे ताणले जाणे ओळखतात, तर मायस्नर कणिका मंद कंप टिपतात. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचीनी (१८१२–८३) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणिका त्वचेच्या खोल थरात असून सु. २०० ते ३०० हर्ट्झ कंप्रतेच्या कंपनांना त्या विलक्षण संवेदनशील असतात. या पट्ट्यातील एका मायक्रोमीटरहूनही कमी परमप्रसराचे कंपन मनुष्यास जाणवू शकते. कृत्रिम खटक्याचे सारे तंत्र या दुर्बळ वाटणाऱ्या दुव्यावर उभे आहे. काच अर्धा मिमी. खाली जाऊ देणे गैरसोयीचे असते, परंतु तिला क्षणभर थरथरविणे शक्य असते. बोटाने दाब देण्यास सुरुवात केली असताना नेमक्या वेळी असा एखादाच आखूड थरकाप मिळाला, तर मेंदू त्याचा अर्थ ‘बटण खाली गेले’ असाच लावतो.

येथे आणखी एक उपयुक्त भ्रम कामास येतो. इतक्या अल्पकालिक कंपनाची दिशा त्वचेला नीट ओळखता येत नाही. काच बाजूला सरकली काय किंवा खाली गेली काय, बोट टेकलेले असेल, तर दोन्हींचा अनुभव जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे पुष्कळ उपकरणांत पृष्ठभाग आडवाच हलविला जातो आणि वापरणाऱ्यास मात्र तो दबल्यासारखा वाटतो. मात्र वेळ चुकून चालत नाही. स्पर्श आणि थरकाप यांत सेकंदाच्या काही शतांश भागांहून अधिक अंतर पडले, की दोहोंचा संबंध तुटतो व बटणाऐवजी ‘यंत्र थरथरले’ एवढेच जाणवते.

इतिहास : बोटाने स्पर्श करून चालवावयाच्या धारितीय पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत मांडली. विमान वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांना झटपट निवड करता यावी, हा तिचा हेतू होता. १९७० नंतरच्या दशकात जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत मोठ्या कणवेगवर्धकाच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे तयार करण्यात आले. शेकडो बटणांची भिंत उभारण्याऐवजी एकाच पडद्यावर हवी ती बटणे हवी तेव्हा दाखविता येतात, हा स्पर्शपडद्याचा सर्वांत मोठा गुण तेथे सिद्ध झाला. तो गुण आजही अबाधित आहे. या पडद्यांच्या टीकाकारांना त्याचा कधीकधी विसर पडतो.

मोटारगाडीत स्पर्शपडदा प्रथम आणण्याचा मान १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीकडे जातो. तिच्या डॅशबोर्डवर ऋण किरण नलिकेचा हिरवा पडदा बसविलेला होता आणि रेडिओ व वातानुकूलन त्यावरून चालवावे लागे. साध्या कामासाठी रस्त्यावरून नजर हटवावी लागते, अशी तक्रार ग्राहकांनी केली आणि काही वर्षांतच तो पडदा काढून टाकण्यात आला. पुढे सु. तीन दशकांनी अनेक देशांत जो वाद झाला, त्याचे बहुतेक मुद्दे या एका गाडीच्या निमित्ताने आधीच मांडले गेले होते.

पृष्ठभागाचा स्पर्श विजेने बदलता येतो, हा शोध याहून जुना असून तो काहीसा अपघाताने लागला. एडवर्ड मॅलिंक्रॉट या अमेरिकन गृहस्थांना विजेच्या दिव्याच्या पितळी बैठकीवर बोट फिरविताना, दिवा चालू असेल तेव्हा धातू खरखरीत व बंद असेल तेव्हा गुळगुळीत लागतो, असे आढळले. ह्यूझ व स्लीटर या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी या घटनेचा अभ्यास करून १९५३ मध्ये सायन्स या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. प्रत्यावर्ती विद्युत् दाबामुळे कोरडी त्वचा आणि धातू यांत स्थिर विद्युत् आकर्षण निर्माण होऊन ते क्षणाक्षणाला कमीजास्त होते. त्यामुळे घर्षण बदलते व बोटाला कंप जाणवतो. हेच तत्त्व काचेच्या पडद्यावर वापरण्याचा प्रयोग २०१० मध्ये डिस्नी कंपनीच्या संशोधन विभागात करण्यात आला. या पद्धतीत हलणारा एकही भाग नसतो, हे तिचे आकर्षण होय. परंतु संवेदना फक्त बोट सरकत असतानाच मिळते. एका जागी स्थिर टेकलेल्या बोटाला ती काहीच सांगत नाही आणि बटण तर एका जागीच दाबावयाचे असते. घामेजलेल्या बोटालाही ती क्षीण लागते. श्राव्यातीत कंपनांनी काच व बोट यांमध्ये हवेचा अतिसूक्ष्म थर निर्माण करून घर्षण कमी करण्याची पद्धत १९९५ च्या सुमारास जपानमध्ये व पुढे अमेरिकेत विकसित झाली. तिलाही बव्हंशी हीच मर्यादा आहे.

प्रत्यक्ष ‘खटक्या’ची नक्कल करणारे संशोधन २००० नंतर जोमाने सुरू झाले. जपानमधील फुकुमोतो व सुगिमुरा यांनी २००१ मध्ये हातातील लहान संगणकाला कंपक जोडून, पडद्यावरील बटणाला बोट लागताच एकच झटका देण्याची योजना मांडली. दुसऱ्याच वर्षी सोनी कंपनीच्या प्रयोगशाळेतील पूपिरेव्ह, मारुयामा व रेकिमोतो यांनी पातळ दाबविद्युत् पट्ट्यांचा वापर करून अधिक रेखीव झटके निर्माण केले. २००८ मध्ये ब्लॅकबेरी स्टॉर्म या फोनमध्ये उलटा मार्ग चोखाळण्यात आला. त्याचा संपूर्ण पडदाच एका मोठ्या बटणावर बसविलेला होता व तो खरोखरीच दबत असे. नक्कल टाळण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक होता, पण भराभर मजकूर लिहिणाऱ्यांना तो जड वाटला. अ‍ॅपल कंपनीने २०१५ मध्ये संगणकाच्या स्पर्शफलकाला व २०१६ मध्ये आयफोन ७ च्या गोल बटणाला न हलणारे रूप दिले. ते बटण म्हणजे काचेवरील एक खळगा होता. त्याखालील दाबमापक संवेदक बोटाचा दाब ओळखून लहान विद्युत् चुंबकीय कंपकास चालना देई. फोन बंद असताना हे बटण मुळीच ‘दबत’ नसे. विद्युत् प्रवाह नाही तर बटणही नाही, ही कृत्रिम खटक्याची प्रकृती कोट्यवधी लोकांना त्यावेळी प्रथमच प्रत्यक्ष अनुभवता आली.

कंपकांचे प्रकार : सर्वांत स्वस्त कंपक म्हणजे एका बाजूस वजन असलेला फिरता चक्रदंड होय. जुन्या फोनचा घरघराट त्यानेच होत असे. त्यास गती घेण्यास व थांबण्यास वेळ लागतो, म्हणून त्यापासून खटका न मिळता गुरगुर मिळते. स्प्रिंगवर मागेपुढे सरकणाऱ्या वजनाचा रेषीय कंपक त्याहून चपळ असतो. तो आपल्या अनुस्पंदन कंप्रतेवर चांगला चालतो व उलट दिशेचा विद्युत् झटका देऊन त्यास चटकन थोपविता येते. दाबविद्युत् पट्ट्या सर्वांत जलद, पण त्यांना उच्च विद्युत् दाब लागतो आणि त्या ठिसूळ असतात. मोटारगाडीचा पडदा जड असल्याने तेथे बहुधा विद्युत् चुंबकाने काच किंचित सरकविली जाते. मोटारीतील उपकरणांना कडाक्याच्या थंडीपासून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डच्या तापमानापर्यंत सर्वत्र सारखाच खटका द्यावा लागतो. काच ज्या मऊ आधारांवर तरंगत ठेवलेली असते, ते आधार उष्णतेने सैल पडल्यास खटकाही सैल पडतो. फोनमध्ये सहज साध्य होणारी गोष्ट मोटारीत महाग का पडते, याचे एक उत्तर येथे सापडते.

पिंपरी-चिंचवड व चाकण : पुण्याच्या वायव्येस मुंबई रस्त्यालगत पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) या परिसराची औद्योगिक वाढ वेगाने झाली. टेल्को (आता टाटा मोटर्स) कंपनीचा पिंपरी येथील व बजाज ऑटोचा आकुर्डी येथील कारखाना यांनी या भागाला वाहननिर्मितीचे केंद्र बनविले. त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग भोसरी, चिंचवड व तळवडे परिसरात उभे राहिले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे उत्तरेस नाशिक रस्त्यावरील चाकण येथे बजाज (१९९९), मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन (२००९), महिंद्र (२०१०) इ. कारखाने सुरू झाले.

आकुर्डीच्या बजाज चेतक स्कूटरचे (१९७२) हँडल हे यांत्रिक नियंत्रणाचे उत्तम उदाहरण होते. डाव्या मुठीसह फिरणारा गिअर प्रत्येक टप्प्यावर मनगटाला स्पष्ट धक्का देऊन आपली जागा सांगे. हॉर्न व दिव्यांची कळ अंगठ्याखाली, न पाहता सापडेल अशी असे. भर पावसात, रेनकोटाच्या ओल्या बाहीतून वा लोकरी हातमोज्यातून ही स्कूटर चालविणाऱ्या दोन पिढ्यांना नियंत्रण पाहून वापरावे लागते, ही कल्पनाच नव्हती. मुद्दाम कोणी योजलेला नसला, तरी हा फार मोठा गुण होता. तिचे उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबले. त्याच नावाची विद्युत् स्कूटर २०१९ मध्ये चाकण येथे तयार होऊ लागली व जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली (२०२२ पासून तिचे उत्पादन आकुर्डीत होऊ लागले). तिच्या हँडलवरील कळा ‘फेदर टच’ म्हणजे पिसासारख्या हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या होत्या. एकाच नावाच्या दोन वाहनांतील हे अंतर म्हणजे या पट्ट्याच्या अर्धशतकाचा लहानसा इतिहासच होय. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या मालिकेच्या वरच्या प्रकारात स्पर्शपडदाही बसविण्यात आला.

मोटारगाड्यांच्या बाबतीत बदल अधिक वेगाने झाला. मर्सिडीज-बेंझची भारतातील पहिली गाडी १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात तयार झाली. टेल्कोची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली. या दोन गाड्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर होते, तरी दोन्हींचे चालक पंख्याचा वेग गोल मूठ फिरवूनच बदलीत. त्यानंतरच्या वीस वर्षांत पडदा डॅशबोर्डच्या मध्यभागी आला व वाढत गेला. पडदे व ध्वनियंत्रणा बनविणाऱ्या हार्मन कंपनीने २०१४ मध्ये चाकण येथे मोटारींच्या उपकरणांचा कारखाना सुरू केला. २०२४ च्या अखेरीस सादर झालेल्या व चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रच्या एक्सईव्ही ९ ई या विद्युत् गाडीत प्रत्येकी ३१ सेंमी. कर्णाचे तीन पडदे डॅशबोर्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांडलेले आहेत.

कृत्रिम खटका असलेला पडदा महाराष्ट्रात जुळणी झालेल्या गाड्यांत आला, तो मात्र प्रथम चाकणबाहेर. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जवळील शेंद्रा येथील कारखान्यात जुळणी होणाऱ्या ऑडी ए ६ मध्ये (२०१९) एकाखाली एक असे दोन पडदे होते. बोटाचा पुरेसा दाब पडल्याखेरीज ते आज्ञा मानीत नसत व मानल्यावर बोटाला खटका आणि कानाला आवाज देत. नुसत्या स्पर्शाला प्रतिसाद न देता दाबाची अट घालणे ही या रचनेतील शहाणपणाची गोष्ट होती. त्यामुळे बोट पडद्यावर टेकवून ठेवून चाचपडता येते. चाचपडण्याची मुभा हा यांत्रिक बटणाचा एक दुर्लक्षित गुण आहे. बोट आधी बटण शोधते, ओळखते आणि मग दाबते. साधी काच मात्र शोधणाऱ्या बोटालाच आज्ञा समजते.

चाकण येथे २०२१ पासून जुळणी होणाऱ्या मर्सिडीज एस-क्लास गाडीच्या मधल्या पडद्यास स्पर्शप्रतिसादाची सोय होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ईक्यूएस ५८० ही या कंपनीची भारतात जुळणी झालेली पहिली विद्युत् मोटारगाडी चाकणमधून बाहेर पडली. तिचा ‘हायपरस्क्रीन’ हा या विषयातील लक्षणीय नमुना होय. सु. ६५० अंश से. तापमानास वाकविलेली एकच अखंड काच १४१ सेंमी. रुंद असून तिच्या मागे तीन पडदे बसविलेले आहेत. काचेखालील १२ कंपक, बोट ठराविक स्थानी टेकून दाब देऊ लागताच, तेथील काचेस थरथरवितात. एवढी मोठी काच एका बोटासाठी हलवावयाची आणि शेजारच्या प्रवाशाच्या बोटाला मात्र ते कळू द्यावयाचे नाही, ही अवघड गोष्ट आहे. पूर्वीच्या गाडीत दोन रुपयांच्या पत्र्याच्या चकतीने आपसूक साधत असलेले काम येथे दाबमापक, संगणक, कंपक व त्यांना जोडणारी आज्ञावली मिळून करतात. या गाडीची आरंभीची किंमत दीड कोटी रुपयांहून अधिक होती.

किंमत हाच या इतिहासातील निर्णायक घटक ठरला. पडद्यावर दहा कामे एकत्र केली, की दहा बटणे, त्यांचे साचे व तारा वाचतात. म्हणून स्पर्शफलक स्वस्त गाड्यांतही उतरला, पण त्याला खटका देणारी महागडी यंत्रणा त्याच्याबरोबर उतरेलच असे नव्हते. याच पट्ट्यातील मध्यम किमतीच्या गाड्यांत यावर वेगवेगळे तोडगे दिसतात. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन (२०२१) व व्हर्टस (२०२२) या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत वातानुकूलनासाठी स्पर्शफलक देण्यात आला. पिंपरी येथे तयार होणाऱ्या टाटा हॅरिअर व सफारी यांच्या २०२३ च्या नव्या रूपातही असाच फलक आला. परंतु तापमान व पंख्याचा वेग या वारंवार बदलाव्या लागणाऱ्या दोन गोष्टींसाठी वरखाली हलणाऱ्या खऱ्याखुऱ्या कळा ठेवण्यात आल्या. हा तोडगा दिसण्यास साधा असला, तरी विचारपूर्ण आहे. काय काचेवर न्यावे व काय बोटाखाली ठेवावे, याचे उत्तर त्याने वापराच्या वारंवारतेवरून शोधले.

सुरक्षितता : स्पर्शाने मिळणारा प्रतिसाद नसल्यास काय घडू शकते, याचे गंभीर उदाहरण समुद्रावरचे आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची जॉन एस. मकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा नौसैनिक मरण पावले. चौकशीत प्रशिक्षणाच्या व देखरेखीच्या अनेक त्रुटी आढळल्या. त्यांबरोबरच, दोन्ही मळसूत्रांच्या वेगाचे नियंत्रण स्पर्शपडद्यावर असल्याने ती एकमेकांपासून सुटी झाल्याचे सुकाण्यास हाताने जाणवू शकले नाही, असेही २०१९ च्या अहवालात नमूद झाले. त्यानंतर नौदलाने अशा जहाजांवर यांत्रिक दांडे पुन्हा बसविण्याचे ठरविले.

मोटारींच्या संदर्भात व्ही बिलेगारे या स्वीडिश नियतकालिकाने २०२२ मध्ये केलेली चाचणी पुष्कळ गाजली. ताशी ११० किमी. वेगाने जाताना वातानुकूलन, रेडिओ इत्यादींची चार साधी कामे करण्यास २००५ च्या बटणवाल्या व्होल्व्हो गाडीत १० सेकंद, तर सर्वांत वाईट ठरलेल्या आधुनिक गाडीत ४४.९ सेकंद लागले. तेवढ्या वेळात पहिली गाडी ३०६ मी. व दुसरी १,३७२ मी. अंतर पुढे गेलेली होती. चाचणी एका नियतकालिकाची असल्याने तिच्यावरून सर्व पडद्यांविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तथापि चाकणच्या चौकात किंवा भोसरीच्या पुलाखाली, जेथे दुचाकी, कंटेनर, सहा आसनी रिक्षा व पायी जाणारे कामगार एकाच रस्त्यावर असतात, तेथे नजर हटण्याची किंमत युरोपातील द्रुतमार्गापेक्षा कमी नाही, हे उघड आहे. युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०२६ पासून, पूर्ण गुण मिळविण्यासाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर व आपत्कालीन दूरध्वनी यांची नियंत्रणे प्रत्यक्ष कळांची असावीत, अशी अट घातली. फोक्सवॅगन कंपनीने २०२३ पासून नव्या रचनांत बटणे परत आणण्याचे जाहीर केले आणि मर्सिडीजनेही २०२५ मध्ये स्टिअरिंगवर फिरणाऱ्या चकत्या पुन्हा बसविण्यास आरंभ केला.

भारतात वाहनांतील नियंत्रणांची चिन्हे, ओळख व स्थान यांसंबंधीचे मानक ‘एआयएस-०७१’ हे असून, अशी मानके तयार करणाऱ्या समितीचे कामकाज पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे (स्थापना १९६६) आहे. कळ कोठे व कशी दिसावी, याचा विचार अशा मानकांत मुख्यत्वे होतो. ती बोटाला कशी लागावी, हा प्रश्न सामान्यतः कारखानदाराच्या अभिरुचीवर सोडलेला असतो.

कारखान्यातील वापर : मोटारी बनविणाऱ्या कामगाराच्या हातांखालील कळांचा इतिहास मोटारींतील कळांहून वेगळा आहे. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर हात साच्याखाली सापडू नये, म्हणून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची दोन बटणे असतात. एका पाळीत ती हजारो वेळा दाबल्याने मनगटे भरून येतात. यावर उपाय म्हणून बोट वा तळहात नुसता टेकवावयाची, मुळीच न दबणारी बटणे निघाली. स्पर्श पोहोचल्याची खूण ती दिवा लावून देतात. येथे दाबाचा अभाव हाच गुण ठरतो. संगणकनियंत्रित लेथवर मात्र शीतक द्रव व तेलाने माखलेली बोटे आणि हातमोजे यांमुळे धारितीय काच नीट चालत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली पोलादी घुमट असलेला कळफलक तेथे टिकून आहे. सपाट, पुसता येण्याजोगा, तरीही खराखुरा खटका देणारा हा फलक म्हणजे एका अर्थी या लेखातील प्रश्नाचे सर्वांत जुने व स्वस्त उत्तर होय. यंत्र तत्काळ थांबविण्याचे तांबडे, छत्रीसारख्या माथ्याचे बटण तर आंतरराष्ट्रीय मानकांनुसार यांत्रिक रीत्या अडकून राहणारेच असावे लागते. त्याची नक्कल कोणी करीत नाही.

अंध व्यक्ती : सपाट काचेने सर्वाधिक अडचण केली ती अंधांची. उठावदार बटणांचा फोन, लिफ्ट वा धुलाई यंत्र ते सहज वापरीत. काचेवर त्यांना कोठे काय आहे, हेच कळत नाही. फोनच्या बाबतीत २००९ पासून पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलींनी ही कोंडी पुष्कळ अंशी फोडली. त्यांत बोट फिरवताना बटणाचे नाव ऐकू येते व दोनदा टिचकी मारल्यावरच ते कार्यान्वित होते. शोधणे व दाबणे या क्रिया वेगळ्या ठेवण्याचे जुन्या बटणाचे तत्त्व येथे आवाजाच्या रूपाने परत आले. लिफ्ट, घरगुती उपकरणे व मोटारी यांत अशी सोय अभावानेच आढळते. याउलट, १९८२ मध्ये केरळात प्रथम वापरल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राची पुढे विकसित झालेली रचना पाहण्याजोगी आहे. त्याच्या मतपत्रिका फलकावर प्रत्येक उमेदवारापुढे दबणारे निळे बटण, शेजारी ब्रेल अंक, बटण दाबताच लागणारा तांबडा दिवा व लांब शिटी अशी चौपदरी व्यवस्था आहे. ते यंत्र डोळस, अंध, निरक्षर व वृद्ध अशा सर्व मतदारांनी, बहुधा आयुष्यात काही मोजक्याच वेळा आणि कोणी शिकविल्याविना वापरावयाचे असते.